रेकॉर्डची दुसरी बाजू आणि सेक्रेटरी

पैज लागली ती जिन्याखाली, पत्रांच्या पेट्यांसमोर, रविवारी सकाळी साडेनऊला. दोन्ही बाजूंची माणसं पूर्ण शुद्धीवर होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही शंका येईल.

एका बाजूला बिल्डिंगचे सेक्रेटरी. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटरच्या तक्रारींच्या खिडकीवर सव्वीस वर्षं बसलेला माणूस. दुसऱ्या बाजूला वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. मध्ये तळमजल्याचा बेकरीवाला, ज्याचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता, पण भांडण चालू असताना दार लावून झोपणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

आता सेक्रेटरींबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी. गच्चीवर वर्षातून चार वेळा गाण्याची बैठक व्हायची आणि तिच्यात पहिल्या रांगेतली मधली खुर्ची सेक्रेटरींची. कुणी दिली नव्हती, त्यांनी घेतली होती. तिथे बसून ते डोळे मिटायचे, मान हलवायचे, बरोबर जागेवर हात उचलायचे आणि शेवटी आभार मानताना 'सुरांची बरसात' वगैरे बोलायचे. सव्वीस वर्षं खिडकीमागे बसून ज्या माणसाला कुणी 'वा' म्हटलेलं नाही, त्याला निदान दुसऱ्याला 'वा' म्हणायचा मान होता. बिल्डिंगमध्ये त्यांना रसिक म्हणत. कचेरीत काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टरांचा डोळा त्या खुर्चीवर होता. त्यांच्याकडे काचेच्या कपाटात रेकॉर्डी होत्या, त्या ऐकण्यापेक्षा दाखवण्यात त्यांचा वेळ जास्त जायचा. त्या रविवारी त्यांच्या हातात एक रेकॉर्ड होती. चार परदेशी पोरांच्या रॉक बँडची, पन्नास वर्षांपूर्वीची. कव्हरवर सूट घातलेला माणूस, आणि डोक्याच्या जागी टेबलाचा ड्रॉवर. डॉक्टर म्हणाले की हे उपहासाचं संगीत आहे, प्रयोग आहे, आणि हे पूर्ण ऐकून पचवणारा माणूस त्यांना आयुष्यात भेटलेला नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "संगीत ते संगीत. खऱ्या रसिकाला काय, सगळं सारखंच."

एवढ्यावर दोघं आपापल्या घरी गेले असते. पण बेकरीवाल्यानं जांभई देता देता विचारलं, "मग लागली का पैज?" आणि दोघांचीही पंचाईत झाली.

अटी सेक्रेटरींनी स्वतः लिहिल्या. तीन प्रतींत. रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी ऐकायची, महिनाअखेरच्या बैठकीत सगळ्यांसमोर दहा मिनिटं तिचं मनापासून रसग्रहण करायचं, आणि ते खरं की उसनं हे शेजारच्या गाण्याच्या बाईंनी ठरवायचं. बाईंनी पस्तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं होतं, त्यामुळे बेसूर सहन करण्याची त्यांना सवय होती. जो हरेल त्यानं बिल्डिंगच्या फाटकाशी स्टुलावर उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, 'मला संगीतातलं काही कळत नाही.' आणि मधली खुर्ची कायमची दुसऱ्याची.

सेक्रेटरी वर आले तेव्हा बायकोनं विचारलं, पेपर कुठाय? पेपर आणायलाच ते खाली गेले होते.

डॉक्टरांनी रेकॉर्ड दिली, रेकॉर्ड प्लेअरसुद्धा दिला. शत्रूला तलवारही आपणच द्यायची, असा तो थाट होता. सेक्रेटरींनी प्लेअर टीपॉयवर ठेवला, वायर जोडली, रेकॉर्ड पुसली, सुई उचलली, आणि तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "अहो, चौदा नंबरचं काय?"

सुई हवेत राहिली.

नियम क्रमांक चौदा हा सेक्रेटरींचाच. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या एका भाडेकरूनं ट्रम्पेट शिकायला घेतलं होतं. भाडेकरू गेला, ट्रम्पेट गेलं, नियम राहिला. घरात कोणतंही वाद्य किंवा मोठ्या आवाजाचं यंत्र वाजवण्याआधी सेक्रेटरींकडे लेखी अर्ज करायचा, सोबत वरचा, खालचा, डावा आणि उजवा अशा चार शेजाऱ्यांची ना-हरकत जोडायची. आठ वर्षांत असा अर्ज एकही आला नव्हता. लोक सरळ वाजवायचे. पण सेक्रेटरीनं सरळ वाजवायचं म्हणजे मग राहिलं काय?

त्यांनी अर्ज लिहिला. 'प्रति, मा. सेक्रेटरी' असा. आवक वहीत नोंदवला, क्रमांक टाकला, पोच सही करून पोच स्वतःलाच दिली. मग चष्मा पुसून अर्ज वाचला. ना-हरकत जोडलेली नव्हती. त्यांनी अर्ज नामंजूर केला आणि 'त्रुटी पूर्ण करून पुन्हा सादर करावा' असा शेरा मारला. बायको म्हणाली की अहो, निदान तोंडी सांगायचं होतं स्वतःला, कागद वाचला असता. त्यांना तिचा राग आला नाही. सरकारी काम न कळणारी माणसं जगात असतातच.

ना-हरकत गोळा करायला नऊ दिवस गेले.

वरच्या डॉक्टरांनी लगेच सही केली, पण अट घातली की रेकॉर्ड आपण दवाखान्यात असतानाच वाजवावी. खालचा बेकरीवाला पहाटे तीनला उठायचा आणि दुपारी झोपायचा. त्यानं लिहिलं, 'दुपारी वाजवल्यास हरकत, इतर वेळी मला काय.' सेक्रेटरींनी त्याला 'मला काय' खोडायला लावून 'हरकत नाही' लिहून घेतलं, त्यासाठी त्याला झोपेतून उठवलं, आणि त्यावर तो जे बोलला ते त्यांनी नोंदवलं नाही. डाव्या बाजूच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या की मी परीक्षक आहे, मी सही केली तर पक्षपात दिसेल. त्यांना समजवायला दोन चहा लागले.

उजव्या बाजूचा फ्लॅट सहा वर्षं बंद होता. मालक कुठे असतो ते कुणालाच माहीत नव्हतं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बंद घराला कसली हरकत. पण सेक्रेटरींनी त्या कुलपावर नोटीस चिकटवली: सात दिवसांत हरकत न आल्यास संमती समजण्यात येईल. आणि सात दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ, ते त्या कुलपापाशी जाऊन हरकत आली का बघत होते. पाचव्या दिवशी नोटिशीवर पेन्सिलीनं कुणीतरी मिशा काढलेल्या दिसल्या. ही हरकत धरायची का, यावर त्यांनी एक रात्र विचार केला. धरली नाही. मिशांखाली सही नव्हती.

या काळात बिल्डिंगभर बातमी झाली होती आणि सल्ले येऊ लागले होते. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, कानात कापूस घाला, डाव्या कानात जास्त. मेहुणी फोनवर म्हणाली की आमच्या वॉशिंग मशिनचं बेअरिंग गेलं होतं तेव्हा आम्ही तीन आठवडे असलंच ऐकलं, सवय होते. कचेरीतला शिपाई म्हणाला, साहेब, कळत नसेल तिथे 'खोली आहे' म्हणायचं. सल्ल्यांमध्ये हाच एक कामाचा होता आणि तो त्यांना आधीपासून येत होता.

शेवटी अर्ज मंजूर झाला. सेक्रेटरींनी स्वतःचं अभिनंदन केलं नाही, नियमात बसत होतं म्हणून मंजूर केलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून संध्याकाळी साडेपाचला, डॉक्टर दवाखान्यात आणि बेकरीवाला जागा असताना, त्यांनी सुई टेकवली.

पहिल्या बाजूबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सेक्रेटरींनाही ती लांबवावीशी वाटत नव्हती. पहिल्या गाण्यात सात मिनिटं गिटार जुळवत होते. जुळली आणि गाणं संपलं. दुसऱ्या गाण्यात एक माणूस फ्रीजची माफी मागत होता. तिसऱ्यात पंचवीस-तीस माणसं ठेक्यात खोकत होती, आणि सेक्रेटरींना काळजी वाटून त्यांनी खिडकी लावली. चौथं गाणं चार वेळा संपलं. तीन वेळा सेक्रेटरींनी सुई उचलायला हात पुढे केला आणि तिन्ही वेळा ते परत सुरू झालं. चौथ्यांदा त्यांनी हात पुढे केलाच नाही, तेव्हा ते खरोखर संपलं. सेक्रेटरी सोफ्यावर बसले. डोळे मिटून बघितले, मान हलवून बघितली, पण हलवायची कुठे? जागाच सापडेना. गाण्यातलं इंग्रजीही डोक्यावरून जात होतं. फाटक, स्टूल आणि सगळ्यांचे चेहरे त्यांना आत्ताच दिसायला लागले.

मग त्यांनी रेकॉर्ड उलटली.

दुसऱ्या बाजूला एकच गाणं होतं, बावीस मिनिटांचं. गाणं तरी कसलं, एक माणूस सपाट आवाजात बोलत होता. "कलम सात, उपकलम दोन. मागे उभ्या असलेल्या व्यक्तीने पुढे उभे राहू नये." आणि सेक्रेटरी ताठ झाले. हे इंग्रजी त्यांना कळत होतं. हे त्यांचं रोजचं इंग्रजी. हा माणूस खिडकीवरचा कारकून होता, आणि तो रांगेचे नियम वाचून दाखवत होता. प्रत्येक उपकलमाला ड्रमचा एक ठोका पडायचा. मध्येच एक गिटार काहीतरी विचारायला यायची, आणि कारकून तिला म्हणायचा, टोकन कुठाय? गिटार घुटमळायची. परत यायची, जास्त मोठ्यानं. कारकुनाचा आवाज तसूभर चढत नव्हता. गिटार रडायला लागली, किंचाळायला लागली, पण टोकन तिच्याकडे नव्हतंच. आणि बाविसाव्या मिनिटाला कारकून म्हणाला, "पाच वाजले," आणि खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. संपलं.

सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

सव्वीस वर्षांत ज्या माणसांनी त्यांच्या खिडकीवर हात आपटले, शिव्या दिल्या, टोकन न घेता 'फक्त एक मिनिट' म्हणून डोकं आत घातलं, ती सगळी त्या गिटारीत होती. आणि समोर तो एकटा, नियमाला धरून बसलेला माणूस. त्याच्यावर कुणी गाणं केलं होतं. परदेशात का होईना, कुणाला तरी कळलं होतं.

आतून बायको हसत होती. इतकी की तिला भिंतीला धरून उभं राहावं लागलं. सेक्रेटरींनी विचारलं काय झालं, तर ती म्हणाली, "काही नाही. आपल्याकडे हे रोजच चालतं, फक्त ढोल नसतो." त्यांना वाटलं, चला, हिलाही आवडलं.

त्यानंतर ते रोज साडेपाचला दुसरी बाजू लावायला लागले. परवानगी एकाच दिवसाची होती, म्हणून रोज नवा अर्ज. बंद फ्लॅटची संमती मात्र त्यांनी कायमस्वरूपी धरली. जिन्यात ते ड्रमच्या ठोक्यावर पायऱ्या उतरायला लागले. कचेरीत कुणी टोकनशिवाय आलं की त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही प्रसन्नता यायची की येणारा माणूस घाबरून परत जायचा.

महिनाअखेरीला गच्चीवर खुर्च्या मांडल्या. कधी नाही ते सगळी बिल्डिंग वेळेवर आली. डॉक्टर नवीन शर्ट घालून आले होते आणि मधल्या खुर्चीकडे असे बघत होते जणू तिची मापं घेतायत. गाण्याच्या बाई वहीपेन घेऊन बसल्या.

सेक्रेटरी उभे राहिले. पहिल्या बाजूबद्दल ते दोन मिनिटं बोलले आणि त्यात 'खोली' हा शब्द पाच वेळा आला. बाईंनी वहीत पाच रेघा मारल्या. डॉक्टर हसले. मग सेक्रेटरी दुसऱ्या बाजूवर आले, आणि त्यांचा आवाजच बदलला. ते कारकुनाबद्दल बोलले. त्याचा संयम, त्याचा सपाट सूर, एवढ्या गोंगाटात न ढळलेली लय. गिटार कितीही चांगली वाजली तरी ती रांग मोडत होती हे त्यांनी समजावून सांगितलं. सातव्या कलमात अपंगांसाठी वेगळी रांग हवी होती, ती राहून गेली आहे, एवढी एकच त्रुटी दाखवली. शेवटी खिडकी बंद होते त्याबद्दल बोलताना त्यांनी चष्मा काढून पुसला. दहाची चौदा मिनिटं झाली तरी कुणी हललं नाही.

डॉक्टर उठले. म्हणाले की हे सगळं बनवलेलं आहे. या रेकॉर्डवर कारकून-बिरकून काही नाही, आहे ते फ्रीज आणि खोकला. सेक्रेटरींनी कचेरीतल्या कंटाळ्यातून मनाशी गाणं रचलं आहे.

 सेक्रेटरींनी प्लेअर आणायला सांगितला. गच्चीवर रेकॉर्ड वाजवायची परवानगी त्यांनी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती.

आणि कारकून बोलायला लागला. कलम सात, उपकलम दोन. कुणाला किती इंग्रजी कळत होतं ते सोडा, पण तो आवाज सगळ्यांना कळला. त्या आवाजानं प्रत्येकाला कधी ना कधी परत पाठवलं होतं. पहिल्यांदा बेकरीवाला हसला. मग औषधवाला. मग लाट आल्यासारखी सगळी गच्ची. गिटार घुटमळत आली, कारकून म्हणाला टोकन कुठाय, आणि लोकांनी खुर्च्यांवर हात आपटले. हसता हसता ते कारकुनाकडे बघू शकत नव्हते, म्हणून सेक्रेटरींकडे बघत होते.

सेक्रेटरींनी बायकोकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिचा चेहरा असा होता की हे कधीतरी होणार हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि सांगायचं कसं ते सुचत नव्हतं.

तेव्हा त्यांना कळलं. उपहास, उपहास म्हणतात तो हा. तो कारकून मान देण्यासाठी केलेलाच नव्हता. गिटारीनं विचारलेली प्रत्येक गोष्ट रास्त होती. पंधरा-वीस वेळा ऐकूनसुद्धा ती काय विचारत होती ते त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं.

खिडकी बंद झाली. हशा थांबता थांबेना. गाण्याच्या बाईंनी वही मिटली आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "ही बाजू तुम्ही कधी ऐकलीत?"

डॉक्टर म्हणाले की कामाच्या गडबडीत. म्हणजे पहिली बाजू बऱ्याचदा. म्हणजे अर्धी. माणसांनी खोकायला सुरुवात केली की ते बंद करत. बाई म्हणाल्या, निकाल उघड आहे. सेक्रेटरींचं रसग्रहण मनापासून होतं, इतकं मनापासून त्यांनी पस्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. डॉक्टर हरले.

टाळ्या पडल्या. डॉक्टर पडेल चेहऱ्यानं स्टूल कुठे आहे ते विचारायला लागले. गोष्ट इथे संपली असती, पण सेक्रेटरी पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले की निकालावर त्यांची हरकत आहे.

बाईंना वाटलं, त्यांना आणखी काही हवंय. सेक्रेटरी म्हणाले, "डॉक्टरांनी ऐकलं नाही हे खरं. पण मी ऐकून मला उलटंच कळलं. चुकीच्या कागदावर बरोबर सही झाली म्हणून कागद बरोबर होत नाही. मी हरलो."

बाईंनी सांगून बघितलं. औषधवाल्यानं सांगितलं, जिंकलेली पैज कोण हरतं. खुद्द डॉक्टर म्हणाले, "अहो साहेब, सोडा ना, मी चढतो." पण सेक्रेटरी एव्हाना जिना उतरायला लागले होते, आणि त्यांच्या मागे अख्खी बिल्डिंग.

रविवारची संध्याकाळ, फाटकासमोरून माणसांची ये-जा चालू. बेकरीवाल्यानं दुकानातलं स्टूल आणून दिलं, त्याचा एक पाय आखूड होता. सेक्रेटरी चढले. खाली चाळीसएक डोकी, आणि काय चाललंय म्हणून थांबलेले चार-पाच रस्त्यावरचे. खिडकीमागून माणसं बघायची सवय असलेल्या माणसाला मध्ये खिडकी नसल्यावर हात कुठे ठेवायचे ते कळेना. त्यांनी ते मागे बांधले. घसा साफ केला आणि त्या एकाच आवाजात, जो त्यांना येत होता, सपाट, न चढणारा, न उतरणारा, म्हणाले:

"मला संगीतातलं काही कळत नाही."

आखूड पायाचं स्टूल डुलून फरशीवर आपटलं. ठक्क.

 मग बेकरीवाल्यानं मागून आवाज दिला, "वन्स मोअर."

लोक हसले, पण हे हसणं वेगळं होतं. गाण्याच्या बाईही म्हणाल्या, वन्स मोअर. डॉक्टरांनी टाळी सुरू केली. पहिल्या रांगेत बसून आयुष्यभर दुसऱ्यांना दाद देणाऱ्या माणसानं आपल्याला मिळालेली दाद ओळखायला जरा वेळ घेतला. कान लाल झाले. बायको खाली उभी होती, ती म्हणाली, "म्हणा की. एवढे म्हणतायत तर."

त्यांनी म्हटलं. या वेळी 'संगीतातलं'च्या आधी थोडं थांबले, आणि 'नाही'वर स्वतःहून भार टाकून स्टूल आपटलं. बरोबर समेवर. रस्त्यावरचा एक सायकलवाला उतरून टाळ्या वाजवायला लागला.

मग त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा कुणी मागितलं नव्हतं.